चालता पंप बदलावा का?

उन्हाळ्याच्या सहलीआधी दरवर्षी मी आमच्या मोटरहोमच्या बेडरूममधली गादी उचलून भिंतीला टेकवतो, खालची प्लायवूडची झडप उघडतो आणि गुडघ्यावर बसून इंजिनाकडे बघतो. गाडी २००१ सालची, ३६ फुटी, आम्ही जुनीच घेतलेली. इंजिन मागे, थेट पलंगाखाली. मागून ढकलतं म्हणून अमेरिकेत अशा गाडीला ‘डिझेल पुशर’ म्हणतात. मीटरवर जेमतेम ८० हजार मैल. वयाच्या मानाने गाडी फिरलीच नाही म्हणायची.

यंदा झडप उघडली तेव्हा डोक्यात एकच विषय होता, डिझेल पंप. तो चालतोय. कुठे ओल नाही, आवाज नाही, इंजिन सुरू होतं. पण वय झालंय. आणि आम्हाला डेन्व्हरहून युटाला जायचंय. त्या वाटेवर आय-७० महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलाइना असा शंभराहून जास्त मैलांचा पट्टा लागतो, ज्यात पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, गॅरेज तर नाहीच. तिथे मधोमध पंप गेला तर? त्यापेक्षा घराजवळ असतानाच नवा टाकून मोकळं व्हावं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. हिशेब मांडायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मुळात ‘पंप’ या शब्दातच घोळ आहे.

कारण पंप एक नसतो, दोन असतात. टाकीतून डिझेल ओढून इंजिनापर्यंत आणणारा एक. त्याला लिफ्ट पंप म्हणतात, आपल्याकडचे मेकॅनिक फीड पंप म्हणतात. याचं काम हमालाचं. दाब किती? साधारण १० ते १५ पीएसआय. कारच्या टायरमध्ये ३०-३२ असतो, म्हणजे त्याच्या निम्म्यावर. दुसरा इंजेक्शन पंप, ज्याला गॅरेजमध्ये एफआयपी म्हणतात. हा तेच डिझेल घेऊन कित्येक हजार पीएसआय दाबाने, मोजून मापून, नेमक्या क्षणी एकेका नोझलला देतो. पहिला स्वस्त आणि बदलायला सोपा. दुसरा महागडा आणि नाजूक, आणि बदलायचा तर एखादा दिवस मोडतो. लोक ‘पंप बदलू का’ विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा दुसरा असतो. आणि दुसऱ्याचं आयुष्य बरंचसं पहिल्याच्या हातात असतं.

हे कसं, ते माझ्याच गाडीच्या उदाहरणाने सांगतो. तिच्यात कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे. पुण्याच्या वाचकांना हे नाव परकं नाही. १९६२ पासून कोथरूडमध्ये ‘किर्लोस्कर कमिन्स’ होतीच, आणि तिथून कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी, इंडियानातल्या कोलंबसला गेलेले इंजिनियर थोडेथोडके नाहीत. तर या ५.९ लिटरच्या इंजिनाच्या तीन पिढ्या लक्षात ठेवण्यासारख्या. नव्वदीच्या दशकातलं १२ व्हॉल्व्हचं इंजिन, त्यावर पी-७१०० नावाचा लांबुडका इनलाइन पंप. आपल्या जुन्या टाटा ट्रकवर ‘मायको’चा पंप असायचा, त्याच कुळातला. मग १९९८ पासून २४ व्हॉल्व्हचं इंजिन, त्यावर बॉशचा व्हीपी-४४ हा गोल, इलेक्ट्रॉनिक पंप. माझ्या गाडीत हाच. आणि पुढे २००३ च्या सुमारास कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना दाबाखालच्या एकाच सामाईक नळीतून डिझेल, सीपी-३ पंपासह.

पी-७१०० ला वंगण इंजिनाच्या ऑइलचं. डिझेल थोडं कमी आलं तर गाडी ओढणार नाही, धापा टाकेल, पण पंप मरणार नाही. व्हीपी-४४ चं तसं नाही. त्याचे आतले भाग डिझेलवरच फिरतात. वंगणही डिझेल आणि थंड करणारं पाणीही डिझेलच. शिवाय त्याच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर बसवलेला आहे, आणि तोही खालून वाहणाऱ्या डिझेलनेच थंड राहतो. गरजेपेक्षा जास्त डिझेल आत येतं, उरलेलं उष्णता घेऊन टाकीत परत जातं. म्हणजे लिफ्ट पंप अशक्त झाला की इंजेक्शन पंप उपाशीही राहतो, तापतोही आणि आतून घासलाही जातो. आणि या सगळ्यात तो बरेच दिवस ‘चालू’ असतो. म्हणून या पंपाबाबत अनुभवी माणूस पहिला प्रश्न वयाचा विचारत नाही, दाबाचा विचारतो.

माझे मामा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांना फोन केला.

“मामा, पंप बदलून टाकू का? वीस-पंचवीस वर्षांचा झालाय.”

“त्याच्यापर्यंत डिझेल पोचतंय का रे?”

“गाडी चालतेय म्हणजे पोचतच असेल ना.”

“असेल नको. मोजलंयस का? खालून डिझेल येत नसेल तर वर नवा बसव नाहीतर सोन्याचा बसव, महिन्यात तो पण बसेल.”

मोजलं नव्हतं. या गाडीच्या डॅशबोर्डवर हवेच्या ब्रेकचा दाब दिसतो, ऑइलचा दिसतो. डिझेलच्या दाबाचा काटाच नाही. तिथून मी कामाला लागलो, पण ते सांगण्याआधी ‘वय झालं म्हणून बदला’ या विचाराकडे जरा बघू. माझ्या मते तो बऱ्याचदा चुकतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची लिबरेटर विमानं समुद्रावर पाणबुड्या शोधत फिरायची. दर ५० उड्डाण-तासांनी त्यांची ठरलेली तपासणी आणि दुरुस्ती व्हायची. सी. एच. वॅडिंग्टन हे मूळचे जीवशास्त्रज्ञ; त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिघाडांच्या नोंदी तासांप्रमाणे मांडल्या. अपेक्षा अशी की तपासणीनंतर बिघाड कमी होतील आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढत जातील. निघालं उलटं. सगळ्यात जास्त बिघाड तपासणीच्या लगेच नंतर, मग कमी होत गेलेले. चांगलं चाललेलं उघडायचं, परत जोडायचं, या उद्योगातच बिघाड शिरत होता.

पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानांचे भाग वयाबरोबर कसे बिघडतात, याचे त्यांनी सहा प्रकार काढले. ठरावीक वयाला बदलून फायदा होईल असे भाग होते फक्त ११ टक्के. आणि ६८ टक्के भाग असे, की नवे असताना बिघडण्याची शक्यता जास्त, तेवढा काळ टळला की पुढे वय वाढलं तरी शक्यता जवळपास तेवढीच. आता मोटरहोम म्हणजे विमान नव्हे, हे मान्य. डिझेल पंपात घासणारे भाग आहेत आणि ते झिजतात, हेही खरं. पण ‘नवा भाग म्हणजे निर्धोक’ ही समजूत मात्र त्या अहवालाने मोडीत निघते. सहलीच्या आदल्या आठवड्यात बसवलेला नवा पंप हा सगळ्यात बेभरवशाचा पंप. त्याची चूक, बसवणाऱ्याची चूक, सैल राहिलेला एखादा बोल्ट, हे सगळं पहिल्या काही शे मैलांतच बाहेर येतं. म्हणजे नेमकं सलाइनाच्या अलीकडे.

शिवाय मोटरहोमला वयं दोन असतात. मैलांचं आणि वर्षांचं. पंपाच्या आतले धातूचे भाग मैलांनी झिजतात. ८० हजार मैल म्हणजे या इंजिनाला पोरवयच. पण रबर वर्षांनी मरतं. सील, ओ-रिंग, होज. गाडी आठ महिने उभी, टाकी अर्धी, आत हवा. रात्री थंड झाली की पाणी सुटतं, ते तळाशी बसतं, आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर बुरशी धरते. खोटं वाटेल, पण डिझेल खाऊन जगणारी बुरशी असते आणि फिल्टर उघडला की काळ्या शेवाळासारखी हाताला लागते. त्यात २००६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) गंधकाचं डिझेल आलं. त्याआधी मर्यादा ५०० होती. भारतात २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ चं १० पीपीएम. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधला नैसर्गिक बुळबुळीतपणाही जातो, तो वरून रसायन घालून भरून काढावा लागतो. आणि जुन्या रबरी सीलना हा बदल मानवत नाही. ती आक्रसतात आणि कधीकधी पाझरायला लागतात. थोडक्यात, उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीत पंपाच्या पोटापेक्षा पंपाकडे येणारा रस्ता आधी बिघडतो.

आता पैसे. आकडे मी समजा म्हणून घेतोय, तुमचे तुम्ही घाला. समजा इंजेक्शन पंप घराजवळ, सवडीने बदलायचा तर २,५०० डॉलर. रस्त्यात गेला तर टोइंगसकट ६,००० (अकरा-बारा टनांची गाडी साध्या टो-ट्रकवर चढत नाही, मोठा रेकर लागतो, आणि गाडीच घर असल्यामुळे तितके दिवस हॉटेलचं भाडंही). दाब नीट आहे, लक्षणं काही नाहीत, तर या वर्षी तो जाण्याची शक्यता समजा शंभरात पाच. ६,००० चे पाच टक्के म्हणजे ३००. तीनशेचा धोका टाळायला अडीच हजार घालणं हा सौदा नाही. लिफ्ट पंपाचा हिशेब करा. बदलायला समजा ३०० डॉलर. तो गेला तर टोइंग, आणि जाता जाता वरच्या पंपालाही घेऊन गेला तर तेच ६,०००. जुन्या विजेच्या लिफ्ट पंपाची शक्यता शंभरात पंधरा धरली तरी ९०० चा धोका झाला. तीनशे देऊन नऊशे टळतात. इथे विचार करायचा नाही, बदलायचा.

म्हणजे किमती आणि शक्यता यांच्याइतकाच तिसरा मुद्दा महत्त्वाचा: जाताना कुणाला बरोबर नेतो. याचं वाईट उदाहरण म्हणजे कॉमन रेलमधला सीपी-४ पंप, जो २०११ नंतरच्या काही अमेरिकी डिझेल गाड्यांत आला. तो आतून खरवडला गेला की धातूचा चुरा रेल, नोझल, परतीच्या नळ्या, सगळीकडे पसरतो आणि इंधनाची अख्खी व्यवस्थाच बदलावी लागते. राम पिकअपच्या २०१९-२० च्या मॉडेलांत तो काढून जुन्या पद्धतीचा सीपी-३ बसवण्यासाठी रीकॉलच निघाला होता. असा पंप ज्याच्या मोटरहोममध्ये असेल त्याचा हिशेब माझ्यापेक्षा वेगळा येईल, आणि यायलाच हवा. त्याने चालता पंप बदलला तर मी त्याला घाबरट म्हणणार नाही.

तर मोजमाप. या इंजिनावर डिझेल फिल्टरपाशी दाब तपासण्यासाठी टायरला असतो तसा छोटा व्हॉल्व्ह आहे. तिथे सेन्सर लावला आणि तीस-पस्तीस फूट वायर पुढे डॅशबोर्डपर्यंत ओढली. डिझेलची नळीच केबिनमध्ये आणून काटा बसवणारे लोक आहेत. कृपया तसं करू नका, ती नळी फुटली तर गरम डिझेल पायावर येतं. किल्ली फिरवली, मागे लिफ्ट पंप दोन सेकंद घुरघुरला, काटा उठला. इंजिन सुरू, जागेवर १२ पीएसआय. छान वाटलं. मग गाडी घेऊन आयझेनहॉवर बोगद्याचा चढ चढलो. बोगदा अकरा हजार फुटांवर आहे, डेन्व्हर पाच हजारांवर. इंजिन पूर्ण ताकदीवर असतं तेव्हाच डिझेलची मागणी सगळ्यात जास्त. काटा दहा, मग आठ, शेवटच्या चढावर सहा. पाचच्या खाली व्हीपी-४४ ला नेऊ नये असं सगळेच जाणकार सांगतात. म्हणजे गॅरेजात उभं राहून घेतलेलं माप फसवं होतं. दाब चढावरच बघायला हवा.

सहा का, हे शोधायला फिल्टरच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडली. त्यात बुडबुडे, सोडावॉटरसारखे. मामांच्या भाषेत गाडी एअर घेत होती. इथे एक गंमत समजून घेण्यासारखी आहे. पुशरमध्ये टाकी पुढे आणि पंप मागे इंजिनावर, त्यामुळे पंप वीस-पंचवीस फुटांवरून डिझेल ओढतो. ओढण्याच्या बाजूला नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे भेग पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून जमिनीवर थेंब नाही, डाग नाही, वास नाही. लक्षण एकच होतं आणि ते मी पाहूनही सोडून दिलं होतं: सकाळी इंजिन उठायला पूर्वीपेक्षा दोन-तीन सेकंद जास्त लागायचे. ते मी कोलोरॅडोच्या थंडीवर ढकललं होतं. टाकीजवळच्या जुन्या रबरी होजला बोटांनी वाकवलं तर वाळक्या खोबऱ्यासारख्या रेषा उमटल्या.

होज बदलला, दोन्ही टोकांचे क्लॅम्प नवे घातले, फिल्टर बदलला आणि लिफ्ट पंपही बदलला. तो चालत असतानाच. काढलेला पंप फडक्यात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवलाय, अडीअडचणीला कामाचा आहे. हे फक्त लिफ्ट पंपाबाबतच जमतं. इंजेक्शन पंप रीबिल्ट घेतला तर जुना परत द्यावा लागतो, नाहीतर ‘कोअर’ म्हणून ठेवलेली अनामत रक्कम जाते.

इंजेक्शन पंपाला हात लावला नाही. पण त्याच्यावर पाळत आहे. इंजिन गरम असताना बंद करून लगेच सुरू करायला गेलं आणि ते उठेना. चालता चालता ॲक्सिलरेटर दाबला आणि क्षणभर काहीच झालं नाही. किंवा टायमिंगचा, म्हणजे डिझेल सोडण्याच्या क्षणाचा, फॉल्ट कोड आला, तर व्हीपी-४४ ने नोटीस दिली असं समजायचं. चौथी खूण लोक विसरतात. पंपाचं पुढचं सील गेलं तर डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी झालं की आपण घाबरतो. वाढलं तर खूश होऊ नका, वास घेऊन बघा. यातलं एक जरी दिसलं तरी मी हिशेबाची वही मिटून पंप मागवीन, आणि सहलीच्या किमान महिनाभर आधी बसवून घराभोवतीच तीन-चारशे मैल फिरवीन.

बसवायची वेळ आलीच तर बसवणारा माणूस हा पंप आधी बसवलेला हवा. पंपाच्या दांड्यावर एक चपटी चावी, म्हणजे खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा, असते. तिच्यावरचा नंबर पंपाशी जुळावा लागतो, नाहीतर टायमिंग चुकतं. आणि गिअरचा नट पुढच्या एका छोट्या झाकणातून, आंधळेपणाने सोडवावा लागतो. नट किंवा वॉशर सुटून गिअरच्या डब्यात पडला तर एका दिवसाचं काम आठवड्याचं होतं. शहाणा मेकॅनिक नटाला पाना लावायच्या आधी त्या भोकात खाली फडकं कोंबतो. मी गॅरेजवाल्याला फोनवर हाच प्रश्न विचारतो, फडकं कोंबता का म्हणून. जो हसतो आणि “हो” म्हणतो, त्याने हे काम केलेलं असतं.

परवा पुन्हा बोगद्याच्या चढावर गेलो. जागेवर १४, शेवटच्या चढावर ११. बायकोने काट्याचा फोटो काढून मामांना पाठवला. तासाभराने उत्तर आलं.

“ठीक आहे. आता काच पूस.”